मनाई हुकमाचे शहर

८ मार्च २०२३ रोजी नागपूरचे तत्कालीन पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये एक मनाई हुकूम जारी केला, आणि त्या रात्री बारा वाजल्यापासून ३० एप्रिलपर्यंत शहरातील चौकांत, पदपथांवर व दुभाजकांवर भिकाऱ्यांनी जमण्यास आणि येणाऱ्याजाणाऱ्यापुढे हात पसरण्यास मज्जाव झाला. त्याच महिन्यात ‘जी-२०’च्या निमित्ताने देशोदेशींचे पाहुणे शहरात उतरावयाचे होते. भीक मागणे हा गुन्हा ठरविणारा खास कायदा आपल्या राज्यात १९५९ पासून आहेच. परंतु त्याच्या वाटेने जावयाचे तर माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, चौकशी करावी लागते आणि अखेरीस त्याच्या निवाऱ्याची काही तजवीज करावी लागते. मनाई हुकमाला यांपैकी कशाचीच गरज नसते. माणूस त्या चौकात दिसेनासा झाला की हुकमाची तामिली झाली.

सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या भारतीय दंड विधानाने १८६० सालीच करून ठेवली होती. ज्या कृत्याने किंवा ज्या बेकायदा अकृतीने सर्वसाधारण जनतेला इजा, धोका अथवा त्रास पोहोचतो तो उपद्रव, असा तिचा आशय. त्यातील शिक्षा मात्र बेताची होती : साध्या उपद्रवाला दोनशे रुपयांपर्यंत दंड, आणि दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा घालणाऱ्याला चोवीस तासांपर्यंत कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड. त्याच्या जोडीला १९५१ चा पोलीस कायदा आहे, ज्यातील असभ्य वर्तनाबाबतची ११० आणि ११७ ही कलमे ठाण्यातील हवालदार पाढ्यांसारखी म्हणून दाखवितो. शिक्षा सौम्य आहे म्हणून हे कायदे निरुपद्रवी आहेत असा समज सर्वत्र आढळतो. मला तो उफराटा वाटतो. खुनाच्या आरोपीस वकील मिळतो, त्याचे अपील उच्च न्यायालयापर्यंत जाते आणि प्रत्येक शब्दाचा कीस पाडला जातो. पण एवढ्याशा दंडासाठी हायकोर्टाची पायरी कोण चढणार? परिणामी ‘असभ्य वर्तन’ म्हणजे काय आणि त्रास पोहोचला तो नेमका कोणाला, या प्रश्नांचा निकाल चौकीच्या बाकावरच लागतो.

आणि त्रास कोणाला पोहोचतो यावर तर सारेच अवलंबून असते, हे नागपूरइतके दुसऱ्या कोणत्या शहराला ठाऊक असावे? १९२३ च्या मे महिन्यात येथील जिल्हा दंडाधिकाऱ्याने याच १४४ कलमाचा आधार घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय निशाणाची मिरवणूक नेण्यास बंदी केली. बंगल्यांच्या त्या वस्तीच्या शांततेत हातात तिरंगी निशाण घेऊन चालणारी माणसे ही बाधा ठरली. जमनालाल बजाज यांनी सत्याग्रह आरंभिला, त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेलांनी त्याची धुरा वाहिली, देशभरातून स्वयंसेवक येत राहिले आणि हजारावर माणसे तुरुंगात गेल्यावर १८ ऑगस्ट रोजी ती मिरवणूक त्याच रस्त्यावरून गेली. ज्या रस्त्यावर ज्या कृत्याने मे महिन्यात सार्वजनिक शांतता धोक्यात येत होती, तेथेच ऑगस्टमध्ये तेच कृत्य घडले आणि आभाळ काही कोसळले नाही.

याचा अर्थ रस्त्यावर वाटेल ते करू द्यावे असा नव्हे. कोणत्याही पानठेल्यापाशी घटकाभर उभे राहिले तरी पुरे. ठेलेवाला सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन एकजीव होईपर्यंत घोटत राहतो, गिऱ्हाईक दुचाकीवरून न उतरताच खर्रा तोंडात टाकते, पहिली पिचकारी पदपथाच्या कडेवर जाते आणि रिकामी झालेली पन्नी नालीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी खर्रा घोटण्यात खंड पडलेला नाही. महापालिकेने यासाठी उपद्रव शोध पथक नेमले, त्यात माजी सैनिक घेतले, आणि ते थुंकणाऱ्याकडून व कचरा टाकणाऱ्याकडून दंडाची पावती फाडून घेते. पिचकारी मारणाऱ्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. पावती दुप्पट रकमेची फाडली तरी माझी हरकत नाही.

पण ती पन्नी नालीत गेल्यानंतर काय होते? नाली तुंबते, पाणी साचते, डास होतात, आणि येथे व्याख्येतील तो दुसरा शब्द जागा होतो, ज्याकडे पथकाचे लक्ष सहसा जात नाही : बेकायदा अकृती. नाली उपसणे ज्याचे कायदेशीर कर्तव्य आहे त्याने ती उपसली नाही तर तोही उपद्रवकर्ता होय. मध्य प्रदेशातील रतलाम गावच्या रहिवाशांनी हे ओळखले. त्यांच्या रस्त्याला धड गटार नव्हते, कारखान्याचे दुर्गंधीयुक्त पाणी दारावरून वाहत होते, आणि जवळच्या झोपडवस्तीला शौचकूप नसल्याने माणसे उघड्यावरच बसत. रहिवाशांनी उघड्यावर बसणाऱ्यांविरुद्ध तक्रार केली नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याकडे जाऊन त्यांनी नगरपालिकेलाच आरोपीच्या जागी उभे केले. पैसा नाही, ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती फेटाळली. वैधानिक कर्तव्य टाळण्यास रिकामी तिजोरी हे कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ.

१३३ आणि १४४ ही एकाच संहितेतील जवळजवळची कलमे, परंतु त्यांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचे अंतर. १४४ चा हुकूम तातडीचा असल्यास एकतर्फी निघतो, आणि नागपुरासारख्या आयुक्तालयाच्या शहरात तो पोलीसच काढतात. १३३ चा हुकूम सशर्त असतो, प्रतिपक्षास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, पुरावा घ्यावा लागतो. म्हणजे चौकातल्या भिकाऱ्याविरुद्ध हुकूम त्याला न विचारता निघू शकतो, आणि महापालिकेविरुद्ध मात्र तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून तो कायम होत नाही. १ जुलै २०२४ पासून ही कलमे नव्या संहितेत अनुक्रमे १५२ आणि १६३ झाली आहेत. साध्या उपद्रवाचा दंडही हजार रुपयांवर गेला आहे. कलम १५२ खाली जाण्यासाठी मोठा दावा लावावा लागत नाही. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे पोलिसांचा अहवाल किंवा अन्य माहिती पोहोचली तरी पुरते. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात दिवसभर खरेदीस आलेल्या बाईला मुतारी शोधत हिंडावे लागते, ही माहिती द्यावयास कोणाची हरकत असावी?