आजचं चिंतन : गीता, अध्याय १२, श्लोक १५
(मंगळवार, ६ एप्रिल २०२१)

॥ श्री गणेशाय नमः ॥



आज मंगळवार, आणि आपल्या प्रभादेवीत शांतता आहे. जे इथले नाहीत त्यांना हे वाक्य किती विचित्र आहे ते कळणार नाही. एरवी सोमवारची रात्र झाली की आमच्या खिडकीखालून अनवाणी पावलं जायला लागतात. कुणी बोरिवलीहून चालत येतं, कुणी ठाण्याहून. पहाटेपर्यंत "मोरया"चा आवाज येत राहतो. आज पहाटे साडेतीनला जाग आली तर खाली फक्त एक कुत्रा भुंकत होता.

काल रात्री आठ वाजल्यापासून सिद्धिविनायक पुन्हा बंद झाला. गेल्या वर्षी १६ मार्चला बंद झालं होतं ते थेट १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडलं. बरोबर आठ महिने. त्यानंतर क्यूआर कोड घेऊन का होईना, दर्शन सुरू झालं. २ मार्चच्या अंगारकीलाही कोड असणाऱ्यांनाच आत सोडलं, तरी कुणी फार कुरकुर केली नाही. आणि आता परत तेच. रविवारी एका दिवसात मुंबईत ११,१६३ रुग्ण. गेल्या वर्षी याच्या निम्मा आकडाही आपण कधी पाहिला नव्हता.

तर आजचा श्लोक. बारावा अध्याय भक्तियोगाचा, तेराव्या श्लोकापासून भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. आज आपण पंधराव्यावर आलो. गंमत बघा, ही वेळ मी ठरवलेली नाही, रोज एक श्लोक या क्रमाने तो आजच आला. अर्थ थोडक्यात असा : ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही, आणि लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही, तो मला प्रिय. पुढे हर्ष, अमर्ष, भय आणि उद्वेग या चौघांपासून सुटलेला, असंही म्हटलंय.

म्हणजे श्लोकाला दोन बाजू आहेत. गेले वर्षभर आपण सगळे त्याची पहिली बाजूच पाठ करतोय. माझ्यामुळे दुसऱ्याला त्रास नको. मास्क लाव, अंतर ठेव, गर्दी करू नको, नाहीतर मार्शल दोनशे रुपयांची पावती फाडेल. दुसऱ्या बाजूकडे माझं तरी लक्षच गेलं नव्हतं. ते कसं गेलं, ते आज लिहिणार आहे. थोडं लाजिरवाणं आहे.

आधी कालची संध्याकाळ. सात वाजता मी कळसाचं तरी दर्शन घ्यावं म्हणून खाली उतरले. रस्त्यावर माझ्यासारखे बरेच जण. एक काका पोलिसांना तावातावाने विचारत होते, "लोकलमध्ये माणसं कोंबलेली चालतात, आणि देवळात रांगेत उभं राहिलेलं चालत नाही?" पोलीस बिचारा काय बोलणार. तो स्वतःच वर्षभर रस्त्यावर उभा आहे. दोन मुली मोबाइलवर लाइव्ह दर्शन लावून तिथेच फुटपाथवर हात जोडून उभ्या होत्या. कुणी म्हणत होतं, हे सगळं राजकारण आहे, करोना-बिरोना काही नाही. लगेच बाजूचा एक जण म्हणाला, "माझा भाऊ गेलाय जुलैत." त्यावर कुणीच काही बोललं नाही.

आणि आमची फुलवाली मावशी. मी शाळेत असल्यापासून तिच्याकडून दूर्वा-जास्वंद घेते. तिने मंगळवारचा माल आधीच भरला होता. टोपलीभर जास्वंद, दूर्वांच्या जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या. जास्वंदाचं आयुष्य एका दिवसाचं. आठ वाजता दार बंद होणार आणि सकाळी ते सगळं कचऱ्यात. मी तिला समजावण्याच्या सुरात म्हटलं, "जाऊ दे मावशी, जीव वाचला म्हणजे सगळं मिळवलं."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बरोबर आहे गं. तुझा पगार बँकेत येतो ना पण?"

रागावून नाही म्हणाली. दूर्वांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली. मी दहा जुड्या घेतल्या. तेवढ्याने काय होणार होतं! पण दुसरं काही सुचलंच नाही. निर्बंध हवेत की नकोत यावर सध्या जो तो भांडतोय. दादरचे दुकानदार संतापलेत, कारण त्यांना वाटलं होतं फक्त शनिवार-रविवार बंद, आणि निघालं महिनाअखेरपर्यंत रोजच बंद. मला वाटतं निर्बंध हवेत. आकडे बघून तरी हवेतच. पण ते माझ्यासाठी स्वस्त आहेत आणि मावशीसाठी महाग, हे कळायला मला तिचं ते एक वाक्य लागलं.

आता खरी गोष्ट.

आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. होळीनंतर दोन दिवसांनी काकांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. मला हे कळलं आणि मी, रोज गीतेवर लिहिणारी मी, बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं : "तिसऱ्या मजल्यावर पॉझिटिव्ह केस आहे. सगळ्यांनी काळजी घ्या." पुढे हात जोडलेली इमोजी. माझा हेतू वाईट नव्हता, असं मी स्वतःला सांगत होते. दहा मिनिटांत फ्लॅट नंबर आला. मग "होळीला कुठे गेले होते विचारा." मग "लिफ्टचं बटण कोण पुसणार?" मग "पाचच्या वर गेले तर आख्खी बिल्डिंग सील होईल, कोणामुळे?" दुसऱ्या दिवसापासून दूधवाला त्यांच्या दारात जाईना. त्यांच्याकडे काम करणाऱ्या ताईंना बाकीच्या तीन घरांनी येऊ नका म्हणून सांगितलं. हे सगळं मी वाचत होते. मी एक शब्द लिहिला नाही. मला वाटलं, मी काय फक्त माहिती दिली.

गुरुवारी काकांना हॉस्पिटलात हलवलं. जाताना जिन्यात काकू भेटल्या, अंतरावरून. म्हणाल्या, "अगं, चार दिवस आधीच कणकण होती त्यांना. मी म्हटलं टेस्ट करा. तर म्हणाले, नको, लोकांना कळलं तर काय म्हणतील. नुसता सर्दी-ताप असेल."

त्या चार दिवसांत काका लिफ्टने खाली-वर केले. आणि रोज संध्याकाळी खाली बाकावर माझ्या आजीशी गप्पा मारत बसले, नेहमीसारखे.

म्हणजे बघा कसं आहे. काका घाबरले रोगाला नाही, आपल्याला. ग्रुपला. मला. आणि त्या भीतीतून त्यांनी लपवलं, लपवल्यामुळे तो पसरला. मी मास्क लावत होते, हात धूत होते, श्लोकाची पहिली बाजू अगदी कडक पाळत होते. पण लोकांचा उद्वेग मानायचा नाही ही दुसरी बाजू मी सोडून दिली, आणि त्यामुळे पहिलीही फुकट गेली. दोन्ही एकाच ओळीत उगाच नाहीत.

माउली या श्लोकावर समुद्राचा दृष्टांत देतात. समुद्र कितीही खवळला तरी त्यातले जलचर त्याला भीत नाहीत, आणि जलचरांच्या गर्दीला समुद्र विटत नाही. आम्ही समुद्राला लागून राहणारी माणसं, हा दृष्टांत मी किती वेळा वाचला असेन. पण मला त्याच्या पुढचा जास्त लागला, शरीराचा. शरीराला आपल्या अवयवांचा कंटाळा येत नाही. पाय दुखावला म्हणून कुणी पायाला ग्रुपमधून काढत नाही. (हे शेवटचं माझं, माउलींच्या माथी मारू नका.)

आणि हे काही आजचं नाही. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला, तेव्हा रुग्णांना आर्थर रोडच्या इस्पितळात नेत असत. तेच आपलं आजचं सातरस्त्याजवळचं कस्तुरबा, जिथे गेल्या वर्षी करोनाचे पहिले रुग्ण ठेवले होते. लोकांत अफवा होती की तिथे नेलेला माणूस परत येत नाही. त्या ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला. घरोघरी आजारी माणसं लपवायला लागली. अधिकाऱ्यांची जबरदस्ती, लोकांची भीती आणि या दोघांच्या मधे वाढणारा रोग. परळच्या ज्या संस्थेवरून आपण येता-जाता बसने जातो, त्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या हाफकिनांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. दुसऱ्याने विश्वास ठेवावा असं वाटत असेल तर आपला दंड आधी पुढे करावा लागतो, हे त्या परदेशी माणसाला कळलं होतं.

आणि पुण्यात सावित्रीबाई. मुलाने, यशवंतने, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन तिथे आल्या, आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण पाठीवर घ्यायला जावं असं मी अजिबात म्हणत नाहीये, आज अंतर ठेवणं हीच सेवा आहे. गेल्या वर्षी वारकऱ्यांनी ती केली. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो माणसं घरी बसली. पण अंतर ठेवणं आणि तोंड फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पहिलीच्या नावाखाली दुसरी केली.

इथे खरं तर आजचं चिंतन संपायला हवं होतं. सकाळी एवढंच लिहून ठेवलं होतं.

दुपारी आजीला ताप भरला. १०१. खोकला रात्रीपासून होताच, पण ती म्हणत होती घसा बसलाय. आजी ८१ वर्षांची आहे. आणि आता खरं सांगते, तो थर्मामीटर हातात धरून माझ्या मनात पहिला विचार आजीचा आला नाही. पहिला विचार आला, ग्रुपवर कळलं तर? दूध बंद होईल. आईच्या हातावर शिक्का बसेल. "यांनीच तर मेसेज टाकला होता" असं कुणीतरी लिहील, आणि बरोबरच लिहील. मी आईला म्हणालेसुद्धा, "आजचा दिवस थांबूया का? उद्या बघू, उतरेल कदाचित." तोंडातून शब्द बाहेर पडले आणि मला काकांचा आवाज ऐकू आला. नुसता सर्दी-ताप असेल.

आजी आतून म्हणाली, "काय कुजबुजताय गं? बोलवा त्या टेस्टवाल्याला. मला नाकात काडी घालायची भीती नाही वाटत."

संध्याकाळी साडेपाचला स्वॅब घेऊन गेले. सहा वाजता मी ग्रुपवर लिहिलं. हात थरथरत होता, हसू नका. लिहिलं की आजीला ताप आहे, टेस्ट दिली आहे, रिपोर्ट येईपर्यंत आम्ही दाराबाहेर पडणार नाही, ती ज्यांच्याबरोबर बाकावर बसली होती त्यांनी तब्येतीकडे लक्ष ठेवा. आणि त्याच्याखाली, आठवड्यापूर्वी मी तिसऱ्या मजल्याबद्दल जे टाकलं ते त्यांना न विचारता टाकलं, ते चुकलं. माझ्यामुळे त्यांना जे सोसावं लागलं त्याबद्दल सगळ्यांसमोर माफी.

बराच वेळ नुसत्या निळ्या टिका. पंधरा मिनिटं. एवढा वेळ रांगेत सुद्धा कधी जड गेला नव्हता.

मग तिसऱ्या मजल्यावरून काकूंचा मेसेज आला. माफीबद्दल एक शब्द नाही. काका अजून ऑक्सिजनवर आहेत, तेही त्यांनी लिहिलं नाही, ते मला नंतर कळलं. फक्त एवढंच लिहिलं होतं : "आजींना पेज चालते ना? मी दाराबाहेर स्टुलावर ठेवते. मी गेल्यावर दार उघड."

सात वाजता बेल वाजली. दोनपर्यंत मोजून दार उघडलं. स्टुलावर स्टीलचा डबा, वर रुमाल, आणि रुमालात लिंबाच्या लोणच्याची फोड. आजीने दोन वाट्या पेज खाल्ली. काल घेतलेल्या दूर्वा देवापुढे वाहिल्या होत्या, त्यांतली एक जुडी मी डब्यात घालून परत पाठवणार आहे, डबा आधी उकळत्या पाण्यातून काढून.

रिपोर्ट उद्या येईल. सोळावा श्लोकही उद्याच, जमलं तर. आजीसाठी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांसाठी एक अथर्वशीर्ष म्हणा.

मोरया.