सैतानावर अधिकार कोणाचा?



गेल्या पावसाळ्यात गुरुकुंज मोझरीच्या बसथांब्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याचा बाप कर्जापायी औषध पिऊन गेला. तेव्हापासून आई रात्र रात्र जागते, मधूनच नवऱ्याच्या आवाजात बोलते. तो म्हणाला, "सर, मायच्या आंगात भूत हाय म्हणतेत. तिकडं येशूच्या नावानं काढून देतेत. नेऊ का?"

ज्या मोझरीत तुकडोजी महाराजांनी 1935 साली गुरुकुंज उभारले आणि आयुष्यभर भोळ्या समजुतींवर कोरडे ओढले, त्याच मोझरीत हा प्रश्न मला विचारला गेला. मला हसू आले नाही. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. माझी आजी देवऋष्याकडे कोंबडे घेऊन जात असे. भीती काय असते, हे आम्हांला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

त्या रात्री मी शुभवर्तमान उघडले. लूक सांगतो की, येशूने आपल्या शिष्यांना सापविंचू तुडविण्याचा आणि वैऱ्याच्या सर्व बळावर अधिकार दिला. हा अधिकार कोणाला मिळाला? पुरोहिताला नव्हे, कुळवंताला नव्हे. कोळ्यांना मिळाला, जकातदाराला मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला सांगितले गेले की तुझी सावलीही विटाळ, त्याला कोणी म्हणत असेल की दुष्ट शक्ती तुझ्यापेक्षा मोठी नाही, तर ते शब्द त्याला का ओढणार नाहीत? हे आधी मान्य करू, मगच टीका करू.

पण त्याच ग्रंथात त्या अधिकाराला कुंपणही आहे. भुते आम्हांला वश होतात म्हणून शिष्य हर्षाने परतले, तेव्हा या गोष्टीचा आनंद मानू नका, असे येशूनेच त्यांना बजावले. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तुझ्या नावाने भुते काढली असे सांगत येणाऱ्या पुष्कळांना तो ओळखही देणार नाही, कारण त्यांचे आचरण अनीतीचे. 'प्रेषितांची कृत्ये' मध्ये स्किवाचे सात मुलगे येशूचे नुसते नाव घेऊन भूत काढायला गेले आणि मार खाऊन उघडेवाघडे पळाले. म्हणजे ख्रिस्ती ग्रंथाच्याच मते नाव पुरत नाही, जीवन लागते.

मग असे जीवन कुठे दिसते? पंडिता रमाबाई पहा. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व विधवा आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली प्रार्थनेची मोठी लाट उसळली, हे खरे. पण त्या मुलींच्या मानगुटीवर बसलेली उपासमार नुसत्या आज्ञेने पळाली नाही. तिला अन्न लागले, अक्षर लागले, हातमाग आणि छापखाना लागला. रमाबाईंची श्रद्धा मी मानत नाही. त्यांचा अधिकार मात्र मानतो, कारण तो कामातून आला होता.

माझा आक्षेप इथे आहे. दुष्टता बाहेरून येऊन अंगात शिरते असे एकदा मानले, की सावकार सुटतो, भाव पाडणारा सुटतो आणि दुःखी बाई तेवढी झपाटलेली ठरते. भूत निघाले नाही तर 'तुझा विश्वास कमी' म्हणून दोष पुन्हा तिच्याच माथी!

आपल्या परंपरेतही मार आहे. तो येई तेव्हा तथागत त्याच्यावर ओरडत नसत. हा मार आहे, हे ते ओळखत. आपण ओळखलो गेलो, हे कळताच तो खिन्न होऊन निघून जाई. अंगुलिमालाच्या अंगातले काही काढले गेले नाही. तो स्वतःच थांबला. म्हणूनच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा भेद स्पष्ट केला आहे की, बुद्ध मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे.

पण बंधूंनो, आपणही आपल्या घरात डोकावू या. परित्राणाचा धागा ताप उतरावा म्हणून मनगटाला बांधणारे आपल्यात नाहीत काय? गाथेचा मंत्र केला, तर स्किवाच्या मुलांत आणि आपल्यात फरक काय उरला?

मी त्या मुलाला म्हणालो, "आधी अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो. नंतर प्रार्थनेला बसावे वाटले, तर मायला बसू दे. फक्त तिला कोणी मारणार नाही, उपाशी ठेवणार नाही, औषध बंद करायला सांगणार नाही, एवढे पहा." मारझोड करून भूत काढणे हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याला सांगितले.

आम्ही गेलो. बाई आता रात्री चार-पाच तास झोपते. नवऱ्याच्या आवाजात बोलत नाही. नवऱ्याबद्दल बोलते, रडते. कर्ज मात्र तसेच आहे. त्या कर्जावर अधिकार कोणी गाजवायचा? त्याचे उत्तर आकाशातून येणार नाही. ते तुम्हांआम्हांलाच द्यावे लागेल.