आमेन कशाला म्हणायचं?

सूनबाई वसईची, कॅथलिक. आम्ही नगरचे, प्रोटेस्टंट; आमच्या घराण्यात ख्रिस्त आला तो अमेरिकन मराठी मिशनच्या हातून. तिच्या आजीच्या अंत्यविधीच्या मिस्साला सगळे रांगेने वेदीकडे गेले, मी बाकावर बसून राहिलो. ते सल घरी येईपर्यंत गेलं नाही.

"मतांगीकार दोघांचा एकच," मी म्हणालो. "माझा बाप्तिस्मा तुमचं चर्च खरा मानतं, पुन्हा पाणी घालत नाही. मग प्रभूच्या मेजाशी मी परका कसा? माझ्या पणजोबांना गावच्या पंगतीत जागा नव्हती. प्रभुभोजनात ते पहिल्यांदा इतरांबरोबर एका पेल्यातून प्यायले. आम्हाला तर पंगत मिळाली म्हणूनच ख्रिस्त कळला."

"पप्पा, फादर भाकर देताना 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतात आणि घेणारा 'आमेन' म्हणतो. तुम्ही आमेन कशाला म्हणाल?"

"त्याच्या स्मरणाला."

"मग मनात नाही ते तुमच्याकडून वदवून घ्यायचं आणि पंगतीत बसवायचं. यात तुमचा मान कुठे राहिला?"

मी १५२९ ची मारबुर्गची बैठक काढली. तिथे लूथर आणि त्स्विंग्ली या दोन प्रोटेस्टंट सुधारकांचं चौदा कलमांवर एकमत झालं आणि प्रभुभोजनाशी येऊन सगळं अडलं. लूथरने मेजावर खडूने ख्रिस्ताचे 'हे माझं शरीर आहे' हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते. 'आहे' म्हणजे आहेच, हा त्याचा हट्ट. त्स्विंग्लीच्या मते 'आहे' म्हणजे 'दर्शवतं'.

"एका क्रियापदापायी मंडळ्या फुटाव्यात?"

"लूथर तुमच्याकडचा ना? तोसुद्धा इथे माझ्याच जवळ बसतो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आजी आहे आणि आजी होती, यांतही एका क्रियापदाचाच फरक आहे, पप्पा."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तीच पुढे बोलली. "तुमच्याकडे उपासना संपल्यावर उरलेली भाकर मुलांनी वाटून खाल्ली, तेव्हा माझे पाय लटपटले. आमच्याकडे उरलेली भाकर पेटीत ठेवतात, तिच्यापाशी दिवा तेवत असतो."

"मुलांना दिली ती प्रेमानेच दिली."

"प्रेमानेच. पण भाकर म्हणून दिली."

मी नागपूरकडे वळलो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तिथे सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे त्यात होते, तसेच जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्यावरच तो द्यावा म्हणणारेही. कोणी कोणाला हरवलं नाही, दोन्ही रीती ठेवल्या. भाकरीच्या बाबतीत असं का होऊ नये?

"बाप्तिस्मा एकदाच होतो. भाकर दर रविवारी समोर येते." मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "पुढच्या वेळी रांगेत या. हात छातीवर दुमडा, फादर आशीर्वाद देतील."

"आशीर्वाद नको मला. भाकर हवी."

"ठाऊक आहे मला ती भूक. चार वर्षं झाली, तुमच्या चर्चमध्ये पेला माझ्यापुढून तसाच जातो."

चार वर्षं मी तिच्याच बाकावर बसत होतो. पेला घेताना डोळे मिटलेले असत माझे.