अंदाज आणि हिशेब

चंदगडच्या डोंगरउतारांवर उन्हाळ्यात काजूच्या बियांची पोती तराजूवर चढतात, तेव्हा विकणारा आणि घेणारा दोघेही काट्याकडे डोळे लावून उभे असतात. डोळ्यांना अंदाज आलेला असूनही काटा का लागतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय?

संख्येची जाणीव ही केवळ शाळेची देणगी नव्हे. कॅरन विन या संशोधिकेने १९९२ साली पाच महिन्यांच्या बालकांसमोर एका बाहुलीपुढे पडदा धरून त्यामागे दुसरी ठेवली. पडदा सरल्यावर एकच दिसली, तर बालके अधिक वेळ टक लावून पाहत. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात आंद्रेआस नीडर यांना कावळ्याच्या मेंदूत संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. तीन ठिपक्यांना सर्वाधिक प्रतिसाद देणारी पेशी दोन आणि चार ठिपक्यांनाही थोडीफार जागी होते. आपल्या रानात उतरणाऱ्या हत्तीच्या आशियाई जातीलाही कमी-अधिक फळांतील भेद कळतो.

परंतु ही उपजत जाणीव अंदाजाची आहे. आठ आणि दहा यांतील फरक नजरेला सहज कळतो. अठ्ठ्याऐंशी आणि नव्वद यांतील कळत नाही, वास्तविक फरक दोन्हीकडे दोनचाच. ब्राझीलमधील मुंडुरुकू लोकांच्या भाषेत संख्यावाचक शब्द जेमतेम पाचापर्यंत आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या राशींची तुलना त्यांनी उत्तम केली. नेमकी वजाबाकी मात्र त्यांना जमेना. म्हणजे अंदाज जन्मतः मिळतो, अचूकता भाषा व शिक्षण यांतून येते.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. दहा किलोत अर्धा किलो कमी दिला तर मन टोचते; क्विंटलात तेवढाच कमी गेला तर टोचत नाही. मग जे मनाला जाणवलेच नाही, त्याबद्दल मनुष्य दोषी कसा?

पवित्र कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांची निंदा आहे. त्यांचे वर्णन लक्षात घ्या : स्वतः घेताना ते पुरेपूर मोजून घेतात, देताना मात्र घट करतात. त्यांना मोजता येते, याची साक्ष त्यांचे घेणेच देते. ‘लक्षात आले नाही’ ही सबब तेथेच संपते. जकातीचा चाळीसावा हिस्साही मनाच्या उमाळ्यावर सोडलेला नाही. तो ठरवून दिला आहे, कारण संपत्ती वाढली की दुसऱ्याचा हक्क आपल्या नजरेत लहान होत जातो.

काजूगर सोलणाऱ्या भगिनीच्या कामातून रोज पन्नास ग्रॅम कमी धरले, तर कोणाच्या मनाला टोचणी लागत नाही. तीनशे दिवसांत मात्र ते पंधरा किलो होतात. तिची मजुरी, शेजाऱ्याचे कर्ज, बहिणीचा वारसाहक्क यांबाबत ‘साधारण एवढेच’ म्हणण्याची मुभा आपल्याला नाही.

पाखराला अंदाज पुरतो, कारण त्याच्याकडे कोणाची अमानत नसते. आपल्याला अंक दिले, काटा दिला आणि इतरांचे हक्कही सोपवले. तेव्हा आज रात्री वही उघडा, आणि घेणे ज्या काटेकोरपणे मोजता त्याच काटेकोरपणे देणेही मोजा.