पळसाला पाने किती?

एफवायला असताना मानसशास्त्राच्या सरांनी आमची एक चाचणी घेतली. आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद आला. वर आपलं नाव, खाली स्वभाववर्णन. वरून शांत दिसता, पण आत काहूर असतं. माणसांत रमता, तरी अधूनमधून एकटं बसावंसं वाटतं. अंगात पुष्कळ काही आहे, पण त्याला अजून वाव मिळालेला नाही. वर्णन कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. मी पाच दिले. घरच्यांना अठरा वर्षांत जे उमगलं नाही ते या माणसाला एका चाचणीत उमगलं, या विचारानं मी भारावून गेले होते. मग सर म्हणाले, "आता कागद शेजारच्याला द्या." साठ कागदांवर एकच मजकूर होता.

हा प्रयोग सरांचा नव्हता. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत आपल्या ३९ विद्यार्थ्यांवर तो केला. मुलांनी दिलेल्या गुणांची सरासरी पाचपैकी ४.२६ आली. वर्णनातली बहुतेक वाक्यं फोररनी रस्त्यावर विकत मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

वर्ग हसला, तास संपला. मला हसू आलं नाही. फसल्याचं दुःख फारसं नव्हतं. पाच गुण देताना वाटलेली खात्री किती पक्की होती, ते आठवून धसका बसला होता. पुढे हाच विषय मी बावीस वर्षं शिकवला, आणि आता माझं मत असं आहे की प्रथम वर्षाच्या मानसशास्त्रानं दोन खात्र्यांना सुरुंग लावला तरी पुरे. एक, 'माझं मन मला ठाऊक आहे' ही. दुसरी, 'माणूस म्हटला की असाच' ही. आपला अभ्यासक्रम पहिलीला जेमतेम धक्का देतो, आणि दुसरी शास्त्राचा शिक्का मारून अधिकच पक्की करतो.

या विषयाला येणारी मुलं कोऱ्या पाटीनं येत नाहीत. रसायनशास्त्राच्या वर्गात शिरताना रेणूंबद्दल कुणाचं ठाम मत नसतं. मनाबद्दल सगळ्यांचंच असतं. भाषेनंच ते दिलेलं असतं. मराठीत मन खातं, उडतं, मोडतं, धजत नाही. माणूस मनात भरतो आणि मनातून उतरतो. मांडेसुद्धा आपण मनातच खातो. त्यात म्हणींची भर. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' असं आपण म्हणतो, आणि 'व्यक्ती तितक्या प्रकृती' असंही म्हणतो. एकाच घरात, एकाच सोयरिकीच्या बोलण्यात, सकाळी पहिली म्हण आणि संध्याकाळी दुसरी. प्रसंग घडून गेला की जी जुळेल ती खरी. म्हणीला आधी काही सांगावं लागत नाही, म्हणून ती कधी खोटी ठरत नाही. शास्त्राला आधी सांगावं लागतं, मग मोजावं लागतं, आणि मोजल्यावर तोंडघशी पडायची तयारी ठेवावी लागते.

हे मोजणं किती साध्या सामग्रीवर होऊ शकतं, ते हर्मान एबिंगहाउसनं दाखवलं. त्याच्यापाशी यंत्रं नव्हती, प्रयोगाला माणसंही नव्हती. तो एकटा होता. निरर्थक अक्षरजुळण्यांच्या याद्या पाठ करायच्या, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचं. पाठ केलेल्यातलं निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरातच निसटतं आणि पुढची गळती मंदावते, हे त्यानं १८८५ मध्ये मांडलं. वही, पेन आणि घड्याळ एवढ्यावर कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात हा प्रयोग होऊ शकतो. माझ्या माहितीतल्या बहुतेक वर्गांत तो होत नाही. तिथं 'टीपा लिहा : विस्मरण वक्र' असा पाच गुणांचा प्रश्न होतो, आणि मुलं आदल्या रात्री गाइडातली ती टीप दहादा वाचतात. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. पुस्तक मिटून स्वतःला आठवायला लावणारे आठवड्यानंतरच्या परीक्षेत पुढे गेले. स्मृतीचं प्रकरण स्मृतीच्याच नियमाविरुद्ध पाठ करून आम्ही त्याचे गुण देत आलो.

मराठी माध्यमातल्या मुलांना तर विषय दोनदा शिकावा लागतो. एकदा कल्पना, एकदा तिचं नाव. 'अभिजात अभिसंधान' म्हणताना पाव्हलॉव्हच्या कुत्र्याची लाळ बाजूला राहते आणि मुलांनाच घाम फुटतो. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली की डबा उघडायच्या आधीच तोंडाला पाणी का सुटायचं, असं विचारलं की तोच वर्ग हसतो आणि पाच मिनिटांत मुद्दा धरतो. पण पेपरात घंटा लिहून चालत नाही, व्याख्या लागते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथं सांगायला हवी. २०१३ च्या आधीची गोष्ट. मी वॉल्टर मिशेल यांचा प्रसिद्ध प्रयोग शिकवत होते. चार वर्षांच्या मुलासमोर एक गोड वडी ठेवायची. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील, असं सांगून बाहेर जायचं. स्टॅनफर्डमधल्या या प्रयोगात जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात सरस निघाली. म्हणून आत्मसंयम ही यशाची किल्ली, असं पुस्तकात होतं आणि तसंच मी सांगत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील ऊसतोडीला जात. ती म्हणाली, "मॅडम, ती बाई परत येणार आणि दोन देणार, हे त्या पोराला कशावरून माहीत? आमच्याकडं मुकादम सांगतो, हंगाम संपल्यावर हिशेब करू. हातात येतं तेच खरं."

मी "छान निरीक्षण" म्हटलं आणि फळ्याकडे वळले. चार मुद्दे उरले होते.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ हाच प्रश्न २८ मुलांवर तपासला. आधी मुलांना चित्रकलेचं चांगलं साहित्य आणून देण्याचं वचन दिलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते पाळलं, निम्म्यांच्या बाबतीत मोडलं. मग वडी ठेवली. वचन पाळलेलं पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, मोडलेलं पाहिलेली ३ मिनिटं. पुढे २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर थांबणं आणि पुढचं यश यांच्यातला संबंध बराचसा विरून गेला. ज्याला आपण पोराचा संयम म्हणत होतो, त्यात मोठ्यांच्या शब्दाची पतही मोजली जात होती. माझ्या विद्यार्थिनीला ते प्रयोगाशिवाय दिसलं होतं, कारण ती वडीच्या दुसऱ्या बाजूनं पाहत होती.

तिच्या प्रश्नात हुशारी होतीच, पण तो प्रश्न ज्या जागेवरून आला ती जागा अधिक महत्त्वाची आहे. आधुनिक मानसशास्त्राचा जन्म १८७९ चा, लाइप्झिगमधल्या विल्हेल्म वुंट यांच्या प्रयोगशाळेतला मानतात. पुढे हे शास्त्र अमेरिकेत फोफावलं आणि तिथं प्रयोगाला माणसं मिळवण्याची एक सोपी सोय निघाली : मानसशास्त्र घेतलेले नवे विद्यार्थी. कित्येक अमेरिकी विद्यापीठांत या विषयाच्या पहिल्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणूनच मुलं संशोधकांच्या प्रयोगांत भाग घेतात. माणसाच्या वर्तनाचं आपलं शास्त्र हे बव्हंशी कॉलेजातल्या पोरांच्या वर्तनाचं शास्त्र आहे, अशी टीका क्विन मॅकनेमर यांनी १९४६ मध्येच केली होती. २००८ मध्ये जेफ्री आर्नेट यांनी प्रमुख अमेरिकी नियतकालिकांतल्या संशोधनाचा हिशेब मांडला. प्रयोगांतली ९६ टक्के माणसं जगाची १२ टक्के लोकसंख्या असलेल्या पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. म्हणजे आपल्या एफवायचा विद्यार्थी 'मानवी मन' म्हणून जे वाचतो, ते पुष्कळदा दूरदेशीच्या एका एफवायच्या विद्यार्थ्याचं मन असतं. एका बागेतल्या पळसाची पानं मोजून जगभरच्या पळसांचा आकडा सांगितला गेला.

आणि ही पानं खरोखर सगळीकडे सारखी नाहीत. टोकांना आतबाहेर वळलेले बाण लावले की समान लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या दिसतात, हा म्युलर-लायर भ्रम प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पाहणारा डोळा तर सगळ्यांचा सारखाच, असं आपण धरून चालतो. १९६६ मध्ये सेगॉल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांत तो तपासला, तेव्हा अमेरिकी विद्यार्थी सर्वाधिक फसणाऱ्यांत होते आणि कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांवर त्याचा जेमतेम परिणाम झाला.

'हे आमच्याकडे तसं दिसत नाही' असं म्हणण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. भारतातला मानसशास्त्राचा पहिला विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात, हार्वर्डहून शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांनी उभा केला. त्याच शहरात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत होते. खच्चीकरणाची भीती युरोपीय रुग्णांत जितकी ठळक आढळते तितकी माझ्या भारतीय रुग्णांत आढळत नाही, असं त्यांनी खुद्द फ्रॉइडलाच कळवलं होतं. फ्रॉइडच्या सिद्धान्तावर मी पदवीपर्यंत तीनदा उत्तरं लिहिली. बोसांचं नाव पदवी हातात पडेपर्यंत माझ्या कानावर आलं नव्हतं.

यावर माझे सहकारी एक आक्षेप घेत, आणि तो टाकाऊ नाही. ते म्हणत, पाया घालायच्या वर्षी शंका शिकवल्यात तर मुलं उभी कशावर राहतील? ज्याला सिद्धान्तच माहीत नाही तो त्याची चिकित्सा काय करणार? खरं आहे. पण पाया म्हणून आपण जे देतो त्यातले काही दगड हललेले आहेत. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीजचा खून होत असताना ३८ जण नुसते बघत राहिले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. २००७ मध्ये संशोधकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा तिला पुरावा सापडला नाही. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ ठरले होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत.

मात्र हे आकडे ऐकून 'मग सगळंच थोतांड' म्हणणारा विद्यार्थीही मला नको आहे. तो आळशी आहे. त्याच २०१५ मध्ये एबिंगहाउसचा प्रयोग पुन्हा केला गेला, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या एकट्या माणसाची वक्ररेषा बहुतांशी तशीच उमटली. मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाची सौम्य आवृत्ती जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. चाळीसेक वर्षांनंतरही बहुसंख्य माणसं वरिष्ठाच्या सांगण्यावरून समोरच्याला विजेचे झटके देत पुढे जायला तयार होती. काय टिकलं आणि काय कोसळलं हे मोजूनच कळलं. चुकीचं निघालेलं शोधणारेही मानसशास्त्रज्ञच होते. मला विचाराल तर पाया तो हाच.

तो नसला की काय होतं, ते सध्या घरोघरी दिसतं. पहिल्या सत्राअखेर मूल अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊन घरी येतं. वडिलांना 'नार्सिसिस्ट' ठरवतं, आईच्या टापटिपीला 'ओसीडी' म्हणतं, भांडलेल्या मैत्रिणीला 'टॉक्सिक'. विकारांचं प्रकरण वाचताना प्रत्येक लक्षण स्वतःला लागू पडतं, ते वेगळंच. याला मी मुलांचा उथळपणा म्हणणार नाही. आम्ही त्यांना वर्षभर नावं दिली, ती त्यांनी वापरली. फोररच्या कागदाला पाच गुण देणारी मी आणि ती सारखीच : शब्द जुळला की पटलं. एखाद्या आजाराचं नाव दिल्यानं दुखणं हलकं होतं हे खरं, आणि खऱ्या त्रासाला नाव मिळणं, मदत मिळणं, ही आपल्या समाजाची मोठी गरज आहे. पण नाव हे विचारपूस संपवण्यासाठी वापरलं की आईशी बोलायचं राहूनच जातं.

बदल मोठा नको. वर्षातून दोन प्रयोग मुलांनी स्वतः, स्वतःवर आणि घरच्यांवर करावेत, आणि फसलेला प्रयोगही गुणांना पात्र असावा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन प्रश्न सक्तीचे असावेत : हे कशावरून? आणि कुणावरून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मागच्या बाकावरच्या मुली अधिक तयार असतील, असा माझा अंदाज आहे. माझ्या त्या विद्यार्थिनीनं वर्षाअखेर वडीच्या प्रयोगावर पुस्तकातले चारही मुद्दे लिहिले. मुकादम लिहिला नाही. तिला चांगले गुण मिळाले. ते मीच दिले.

निवृत्तीच्या सुमारास मी वनस्पतिशास्त्राच्या एका सहकाऱ्याला ही पळसाची म्हण ऐकवत होते. ते थांबले आणि म्हणाले, "बाई, मुळात मोजणंच चुकलंय. पळसाचं ते पान संयुक्त असतं. तुम्ही ज्यांना तीन पानं म्हणता, ती एकाच पानाची तीन दलं." मला पटेना. आम्ही ग्रंथालयामागच्या झाडाखाली गेलो. त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात ठेवलं आणि बोट देठावरून खाली सरकवत, फांदीला जिथं ते चिकटलेलं होतं तिथपर्यंत नेऊन दाखवलं. सगळ्या आयुष्यात मी ते इतक्या खालपर्यंत पाहिलं नव्हतं.