खेळाडूचा संन्यास

ज्या पेशाचे सारे भांडवल देह हेच असते, त्या पेशातील मनुष्याला वानप्रस्थ ऐन तारुण्यातच गाठतो. आणि ज्या कर्मामुळे लोक आपल्याला ओळखत होते ते गळून पडल्यावर मागे उरलेला मी कोण, हा प्रश्न, जो इतर मनुष्ये उतारवयापर्यंत चुकवीत राहतात, तो त्याच्यापुढे तिशीतच येऊन उभा ठाकतो. बहुतेक फुटबॉलपटू त्याचे उत्तर प्रशिक्षकाच्या नोकरीत किंवा व्यापारात शोधतात, आणि त्यात गैर काहीच नाही. फिलिप मलरायन यांनी ते जेथे शोधले ते स्थान आम्हा ॲडम्सटाउनवासी मराठी मंडळींना मुळीच दूरचे नाही: येथून आगगाडीने डब्लिनचे ह्यूस्टन स्थानक गाठावे आणि लिफी नदीच्या उत्तरेस डॉमिनिक स्ट्रीटवर जावे, म्हणजे सेंट सेव्हियर्स हे १८६१ सालचे चर्च लागते.

मलरायन यांचा जन्म १९७८ साली बेलफास्टमध्ये झाला. मँचेस्टर युनायटेडच्या तालमीत ते वाढले, १९९९ मध्ये नॉर्विच सिटीकडे रुजू झाले, पुढे कार्डिफकडून खेळले. उत्तर आयर्लंडतर्फे २७ सामने त्यांच्या नावावर आहेत. कराराच्या मुदती सरल्यावर २००९ मध्ये ते रोमच्या आयरिश कॉलेजात धर्मशिक्षणासाठी दाखल झाले, नंतर डॉमिनिकन संघात आले, आणि ८ जुलै २०१७ रोजी सेंट सेव्हियर्समध्ये त्यांना पौरोहित्याची दीक्षा मिळाली. या विधीत संतांची नामावली गाइली जात असता उमेदवार वेदीपुढे फरशीवर पालथा पडून राहतो. पंढरीच्या वाटेवर दंडवत घालणारा वारकरी ज्याने पाहिला आहे, त्याला त्या क्षणाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

आक्षेप असा, की खेळ सुटल्यावर आलेले वैराग्य हे खरे वैराग्य नव्हे. पण तुकोबांना दुष्काळाने नागवले, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्यानंतरच ते विठ्ठलचरणी पूर्णपणे वळले. म्हणून त्यांची विरक्ती उसनी ठरली काय? उलट ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांनी असे काहीही न गमावता, चालत्या संसारातून उठून काशीस संन्यास घेतला, आणि गुरूने त्यांना आळंदीस परत धाडले. तेव्हा वैराग्य कोणत्या निमित्ताने उपजले, यावरून त्याची प्रत ठरत नाही. ते किती वर्षे निभावले, यावरून ठरते. दीक्षेपूर्वी मलरायन यांची आठ वर्षे अध्ययनात आणि कसोटीत गेली. डॉमिनिकन साधू व्रत उच्चारताना केवळ आज्ञापालनाचे नाव घेतो, दारिद्र्य व ब्रह्मचर्य त्यात गृहीत धरलेले असते. आणि पोरवयापासून प्रशिक्षकाच्या शब्दावर मैदानात उतरलेल्या किंवा मुकाट्याने बाकावर बसून राहिलेल्या मनुष्याला ही आज्ञाधारकता अगदीच अनोळखी नसावी. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनोनिग्रहासाठी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने जोडीने सांगितली आहेत. यांतला अभ्यास त्यांच्या हाडीमासी आधीच मुरला होता, आणि म्हणूनच त्यांचे पूर्वायुष्य वाया गेले असे मला वाटत नाही.

शिवाय त्या आक्षेपात एक हिशेब चुकतो. तिशी ओलांडलेल्या त्या मनुष्याच्या हातून गेला होता तो फक्त खेळ. विवाह, संतती, अर्थार्जन आणि स्वतःच्या मर्जीने राहण्याची मुभा हे सर्व अजून त्यांच्या पुढ्यात होते, आणि व्रत घेताना त्यांनी सोडले ते हे.