निरुपद्रवी खून

इंग्रजी रहस्यकथेच्या विस्तीर्ण कुटुंबांत एक शाखा अशी आहे कीं, तिच्यांत प्रेत आणि पाककृति एकाच पुस्तकांत गुण्यागोविंदानें नांदतात. रेक्स स्टाउटनें १९३८ सालीं आपल्या एका कादंबरींत नामांकित आचाऱ्यांचा मेळावा भरवून तींतल्या पदार्थांच्या कृतीहि सोबत छापल्या. व्हर्जिनिया रिचच्या १९८२ सालच्या 'द कुकिंग स्कूल मर्डर्स'पासून तर हा एक स्वतंत्र संप्रदायच होऊन बसला. अलीकडे या संप्रदायानें आयर्लंडांतल्या खेड्यांतहि बस्तान बसविलें आहे. कार्लीन ओकॉनर या लेखिकेची 'मर्डर इन ॲन आयरिश व्हिलेज' (२०१६) ही कादंबरी त्याचा चांगला नमुना होय. कॉर्क परगण्यांतलें किल्बेन नांवाचें कल्पित गांव, आईबापांमागें सहा भावंडांनीं सांभाळलेली लहानशी खानावळ, ताज्या तपकिरी पावाचा वास, आणि त्याच खानावळींत एके दिवशीं सांपडलेलें प्रेत! वाचक पान उलटतो तो भीतीनें नव्हे; त्याच्या मनांत एक प्रकारचें ऊबदार समाधान असतें.

आतां कोणी म्हणेल, यांत नीतीचा प्रश्न येतोच कोठें? दिवसभराच्या कामानें शिणलेल्या माणसानें रात्रीं अंथरुणावर पडून एखादें कोडें सोडविलें, तर बिघडलें काय? खूनकथा वाचून कोणी खुनी झाल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि किल्बेनची कथा वाचणारी गृहिणी दुसऱ्या दिवशीं सुरी परजण्याऐवजीं पीठच मळावयास घेईल. हें सर्व मला मान्य आहे. मी स्वतः हीं पुस्तकें आवडीनें वाचतों, आणि तीं वाईट ठरविण्याची मला हौस नाहीं. परंतु पुस्तक वाचून आपण खून करूं काय, हा प्रश्नच मुळीं कच्चा आहे. कोणाच्या मरणाचें दुःख न करण्याची संवय तें आपल्याला लावतें, हें विचारावयास हवें.

या कथांतला मयत मनुष्य बहुधा कोणालाच प्रिय नसतो. ॲगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ॲट द व्हिकारेज' (१९३०) या कादंबरींतला कर्नल प्रॉथेरो हा असाच गांवाला नकोसा झालेला गृहस्थ. खुद्द पाद्रीबोवाच जेवणाच्या वेळीं, हातांत मांस कापण्याची सुरी असतांना, याला कोणी मारील तर जगावर उपकारच होतील, अशा अर्थाचें बोलून जातात. वाचक हसतो; आणि या माणसासाठीं मी रडणार नाहीं, हें त्या हसण्यानें त्यानें नकळत कबूल केलेलें असतें. लेखकाची यांत मोठी सोय आहे. मयत दुष्ट असला म्हणजे संशय साऱ्या गांवावर पसरतां येतो, आणि शोकांत पानें खर्चीं पडत नाहींत. डब्ल्यू. एच्. ऑडेन या कवीनें १९४८ सालच्या एका निबंधांत यांतला पेंच बरोबर हेरला होता: सर्वांवर संशय यावा म्हणून मयत वाईट असावा लागतो, पण सर्वांना अपराधी वाटावें म्हणून तो चांगलाहि असावा लागतो. स्वयंपाकघरांतल्या रहस्यकथेनें दुसरी अटच सोडून दिली, आणि पेंच सुटला. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें मरण आहे, पण शोक हा स्थायीभाव नाहीं. त्याची जागा कुतूहलानें घेतली आहे. आणि कुतूहल जेथें पुरें पडत नाहीं, तेथें भट्टींतून पावाचा वास येतो.

आयर्लंडांतल्याच एका खऱ्या खेड्याची हकीकत याच्या शेजारीं ठेवून पाहावी. टिपररी परगण्यांत न्यू इन या गांवाजवळ, मार्लहिल येथील एका शेतांत, १९४० च्या नोव्हेंबरांत मॉल मॅकार्थी या स्त्रीचें गोळ्या घातलेलें प्रेत सांपडलें. ती अविवाहित होती. तिला सात मुलें होतीं, आणि त्यांचे बाप त्याच मुलुखांतले असल्याचें बोललें जाई. तें शेत हॅरी ग्लीसन याच्या एका नातेवाइकाचें असून तो तेथेंच राबत असे. प्रेत त्याच्याच दृष्टीस पडलें, आणि पोलिसांना वर्दीहि त्यानेंच दिली. खटला झाला तो त्याच्यावरच. आणि १९४१ च्या एप्रिलांत डब्लिनच्या माउंटजॉय तुरुंगांत तो फांशीं गेला. त्याच्या वकिलांपैकीं शॉन मॅकब्राइड यांना पुढें १९७४ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपला अशील निर्दोष होता, अशी त्यांची खात्री होती. २०१५ सालीं आयरिश सरकारनें ग्लीसनला मरणोत्तर माफी दिली, आणि २०२४ सालीं त्याच्या अस्थि तुरुंगाच्या आवारांतून काढून टिपररींतल्या होलीक्रॉस येथें विधिपूर्वक पुरण्यांत आल्या. मॉलच्या खुनाबद्दल मात्र दुसरा कोणीहि न्यायासनापुढें उभा राहिला नाहीं.

कादंबरींतल्या गांवांत सगळे बोलतात. दुकानदार बोलतो, पाद्री बोलतो, पाव घ्यावयास आलेली म्हातारी तर फारच बोलते; आणि त्या बोलण्याच्या धाग्यानेंच खुनी सांपडतो. मार्लहिलच्या भोंवतींहि कुजबुज थोडी नसेल. पण तिचें काम खुनाच्या आधींच उरकलें होतें. ही बाई नसती तर बरें, असें मनांत आणण्याइतकी ती गांवाला परकी झाली होती. म्हणजे प्रॉथेरोविषयीं आपण ज्या वाटेनें हसतों, तीच ही वाट; फरक इतकाच कीं येथें शेवटचें प्रकरण कोणी लिहिलें नाहीं.

अन्नाचेंच म्हणाल, तर पाव आणि प्रेत एका छपराखालीं आणणारी खरीखुरी चाल आयर्लंडांत आहे. तिला 'वेक' म्हणतात. मयताला घरांतच ठेवून शेजारीपाजारी रात्रभर भोंवतीं बसावयाचे. चहा, पाव, तंबाखू, व्हिस्की फिरावयाची. गोष्टी रंगावयाच्या, आणि पूर्वीं तर असे खेळ चालत कीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांचा पुनःपुन्हां निषेध केला. तिकडचा सोड्याचा पाव म्हणजे मऊ गव्हाचें पीठ, ताक, मीठ आणि खाण्याचा सोडा. फुगण्याची वाट पाहावयास नको, वर सुरीनें फुली मारली कीं भट्टींत घालावयाचा. अवचित आलेल्या पाहुण्यांसाठीं तो फार सोयीचा, आणि घरांत मरण आलें कीं पाहुणे अवचितच येतात. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळांत ज्या देशांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं, तेथें कोणापुढें पाव ठेवणें ही लहान गोष्ट नव्हे. वेकमध्यें हंशा असतो, भांडणेंहि होतात. पण सारे मयताच्या सहवासांतच बसलेले असतात, आणि त्याच्याविषयींच बोलतात. कादंबरींतला पाव मात्र पोलिसांनीं प्रेत उचलून नेल्यावर, टेबल पुसून वाढलेला असतो.

एखाद्या लेखिकेनें मनावर घेतलें, तर हें दुरुस्त करण्यास फार कष्ट पडूं नयेत. एकच पात्र जास्त लागेल: त्या नकोशा माणसाची खानावळींतली रिकामी खुर्ची पाहून जें गप्प होईल, आणि तो चहांत साखर किती घेत असे तें ज्याला आठवेल. असें पात्र आल्यावर शेवटच्या पानावरची पाककृति आपल्याच्यानें वाचवते कीं नाहीं, हें मला पाहावयाचें आहे.